ज्वारीच्या माहेरी निघालेली जीप

देवाने हे जग घाईघाईत अर्धवट उरकलं आणि राहिलेलं काम पुरं करायला आमच्या साडूंना जिंतूरला पाठवलं, याबद्दल निदान साडूंच्या मनात तरी कधी शंका नव्हती. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. येलदरीच्या वीजघरात फिटर म्हणून त्यांनी उमेदीची वर्षं काढली, आणि दुकानातून आलेली कुठलीही वस्तू ही त्यांच्या लेखी कच्चा माल होती. "कंपनी निस्तं निम्मं करून पाठवती, मास्तर," ते मला सांगत, "राहिलेलं निम्मं ज्याचं त्यानं करायचं असतंय." माझ्या लग्नात आहेर म्हणून आलेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी असंच पुरं करून दिलं. तेव्हापासून ते वेळ बरोबर दाखवतं, पण ठोका एक जास्त देतं. तक्रार केली तर म्हणाले, "आसू द्या, एक शिलकीत राहू द्या." आक्कांच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, शिलाई मशीनला त्यांनी एक पंखा जोडला होता. पायडल मारलं की पंखा फिरायचा, आक्कांना वारा लागायचा आणि शिवायचं कापड उडून अंगणात जायचं. आक्का मुकाट्याने उठून कापड आणायच्या, कारण नवऱ्याला समजावण्यापेक्षा ते सोपं होतं.

मी जिंतूरच्या शाळेत भूगोल शिकवायचो. हा भूगोल पुढे आम्हा दोघांच्याही अंगाशी आला, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

साडूंनी एका जुन्या कंत्राटदाराकडून एक जीप घेतली होती. ती मूळची कुठल्याशा सरकारी खात्याची, लिलावात निघालेली. घराशेजारच्या बाभळीखाली ती दोन वर्षं उभी होती आणि मागच्या सीटवर आक्कांच्या कोंबड्या नेमाने अंडी घालत होत्या. त्या कोंबड्यांचं सुख संपलं ते एका प्राध्यापकांमुळे. हे गृहस्थ सोनपेठकडच्या एका खेड्यातल्या बौद्ध शेतमजुराचे चिरंजीव, शिकून परभणीच्या कृषी विद्यापीठात ज्वारीचे तज्ज्ञ झालेले. एकदा त्यांची गाडी जिंतूरच्या अलीकडे बंद पडली आणि साडूंनी ती अर्ध्या तासात चालू करून दिली. चहा पिता पिता प्राध्यापकांनी सांगितलं, की आपण खातो ती ज्वारी मुळात आफ्रिकेतली, तिच्या रानटी बहिणी तिकडच्या माळांवर अजून उगवतात, आणि त्यांचं बी गोळा करायला ते केनिया नावाच्या देशात मोहिमेवर निघाले आहेत. परदेशातली एक संस्था खर्च करणार होती. फक्त डोंगरदऱ्यांत टिकेल अशी गाडी तेवढी आपण इथून जहाजाने न्यायची होती. तिकडे जीप मिळत नाहीत का, हा प्रश्न मला त्याच क्षणी पडला. पुढे अनेकांनी त्याचं उत्तर दिलं, पण मला ते आजतागायत समजलेलं नाही.

साडूंना मात्र सगळं लख्ख समजलं होतं. "म्हंजी साहेब, तुमी ज्वारीच्या माहेरी जायलात की!" ते उठून उभेच राहिले. "मग सासरकडचं कुणीतरी संगं पाहिजे का न्हाई? सुनेच्या माहेरी एकट्यानं जात्यात का कुठं?" प्राध्यापक हसले. त्या दिवसापासून साडू त्यांना 'ज्वारीसाहेब' म्हणू लागले आणि स्वतःला मोहिमेतला दुसरा माणूस समजू लागले. जागा एकाचीच होती, हे त्यांना तीनदा सांगण्यात आलं. तिन्ही वेळा त्यांनी "हौ" म्हटलं. परभणीकडचा 'हौ' हा फार सोयीचा शब्द आहे. त्याचा अर्थ होय असा असला तरी बोलणाऱ्याने तुमचं ऐकलंच आहे असं नाही.

मला त्यांनी खरं कारण सांगितलं ते येलदरीच्या धरणाच्या भिंतीवर. "मास्तर, जिंदगीभर अडवलेल्या पान्याजवळ नोकरी केली. न अडवलेलं पानी एकदा बघायचंय. आन् नुस्तं अलीकडून न्हाई, पल्याडून बी." समुद्र त्यांनी तोवर पाहिलेला नव्हता. हैदराबादच्या पलीकडे ते गेलेच नव्हते. ते पाण्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे, आणि हा माणूस गेलाच पाहिजे असं मला अगदी मनापासून वाटलं.

मग जीप पुरी करण्याचं काम सुरू झालं. नदी ओलांडताना इंजिनाला श्वास घेता यावा म्हणून त्यांनी विहिरीवरच्या मोटारीचा लोखंडी पाईप बॉनेटमधून काढून थेट टपाच्या वर नेला. लोक विचारायचे, "आत चूल मांडली का काय?" दोन दुधाचे कॅन पाण्याच्या टाक्या झाले. चिखलात रुतलेली जीप ओढून काढायला पुढच्या बाजूला विहिरीचा रहाट बसला, दोरासकट. टपावर घरातली बाज उलटी बांधून सामानाची जागा केली; रात्री ती सुलटी करून झोपायचं. त्यावर आक्का एवढंच म्हणाल्या, "बाज चालली, आता बाजेवरचं मानूस कधी जातंय बघू." बियांच्या पुड्या ठेवायला त्यांनी मागे चाळीस कप्प्यांचं लाकडी कपाट केलं आणि प्रत्येक कप्प्यावर गावाचं नाव घातलं. केनियातल्या गावांची नावं ठाऊक नव्हती, म्हणून चारठाणा, बोरी, सेलू अशी आपल्याकडचीच घातली. वजनाची चाचणी पूर्णेच्या पात्रात झाली. तिची नोंद साडूंच्या वहीत अशी आहे: "माल, सात पोती ज्वारी व एक मास्तर. गाडी वर चढली. मास्तर खाली पडले."

आणि इथेच मी भूगोलाचा मास्तर असल्याचा घोळ झाला. साडूंनी एके दिवशी विचारलं, "तिकडं गाडी कोणत्या बाजूला असती?" मला माहीत नव्हतं. माहीत नाही असं म्हणायची भूगोलाच्या मास्तराला लाज वाटते. मी पोस्टात जाऊन परभणीला ट्रंक कॉल लावला. लाईनवर खरखर एवढी, की तीन मिनिटांतली दोन मिनिटं 'हॅलो' म्हणण्यातच गेली. शेवटी मी ओरडून विचारलं, "तिकडे गाडी कोणत्या बाजूला असते?" पलीकडून प्राध्यापक ओरडले, "डावीकडे!" मी घरी येऊन साडूंना सांगितलं, "डावीकडे." साडूंनी एकदा माझ्याकडे निरखून पाहिलं, "डावीकडं. हौ," असं म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी जीपचं स्टेअरिंग उपटून काढलं.

हैदराबादच्या भंगार बाजारातून त्यांनी डाव्या बाजूचं सामान मिळवलं. स्टेअरिंगची पेटी, पेडल, दांडे, सगळं इकडचं तिकडे करण्यात पाच महिने गेले. जीप चालू झाली, पण आपल्याच रस्त्यावर ती चालवायची म्हणजे संकट होतं. साडू डावीकडे बसायचे, त्यामुळे समोरच्या बैलगाडीला ओलांडताना पलीकडून काय येतंय ते त्यांना दिसायचंच नाही. ते बघण्यासाठी उजवीकडे मी.

"मास्तर, काय दिसायलंय?"

"यष्टी."

"किती लांब हाय?"

"आता नाही लांब!"

रस्ता मोकळा असला की मी "हौ" म्हणायचं, नसला की "न्हाई", असा नियम ठरला. दुसरा कुठलाही शब्द वापरायचा नाही, कारण एकदा मी "थांबा, मला वाटतं जायला हरकत नसावी" असं म्हणालो आणि तेवढ्यात आम्ही उसाच्या फडात होतो. "शुद्ध बोलून जीव जातोय, मास्तर," साडू म्हणाले. "तिकडं गेल्यावर समदं सरळ व्हतंय बघा."

महिनाभराने प्राध्यापक जीप पाहायला आले. पाईप पाहिला, रहाट पाहिला, चाळीस कप्पे पाहून तर हरखले. मग सवयीने उजव्या बाजूने चढून बसले आणि हात पुढे केले, तर हाताला काहीच लागेना. "स्टेअरिंग कुठंय?"

"डावीकडं," साडू म्हणाले. "तुमीच सांगितलं."

"अहो, मी रस्त्याची डावी बाजू म्हणालो! गाड्या रस्त्याच्या डावीकडून चालतात, आपल्यासारख्या! तिथंही इंग्रजांचंच राज्य होतं की."

मी जमिनीकडे पाहू लागलो. पाच महिन्यांचं काम वाया गेलं होतं, जहाजाचा दिवस ठरला होता, आणि चूक शंभर टक्के माझी होती. किंवा पन्नास टक्के. किंवा, आणि हे मला तेव्हापासून छळतंय, अजिबात नव्हती. कारण श्वास घ्यायलाही न थांबता साडू म्हणाले, "मग साहेब, आता काय, उजवीकडं बसून 'हौ-न्हाई' म्हणायला एक मानूस लागतोयच."

प्राध्यापकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. चेहरा अगदी निर्विकार. येलदरीला इतकी वर्षं यंत्रं खोलणाऱ्या माणसाला रस्त्याची बाजू आणि स्टेअरिंगची बाजू यांतला फरक कळत नव्हता? नसेलही. पण मग उत्तर इतकं तयार कसं होतं? मी अजून गोंधळलेलोच आहे. प्राध्यापकांनी मात्र त्या संस्थेला पत्र लिहिलं, की आमच्या वाहनाच्या विशेष रचनेमुळे सोबत एक तंत्रज्ञ अत्यावश्यक आहे. आणि महिन्याभरात होकार आला! साडूंनी आळीत साखर वाटली. आता उरली होती फक्त कागदपत्रं, एक जीपची आणि एक त्यांची.

साडूंची एक सवय होती. एरवी ते आपल्या भाषेत मोकळे बोलत, पण कचेरीच्या पायरीवर पाऊल पडलं, की शुद्ध मराठीत शिरत. जीप कागदोपत्री अजून त्या जुन्या कंत्राटदाराच्या नावावर होती. ती नावावर करून द्या, एवढंच म्हणायचं होतं. पण साडूंनी खिडकीपाशी जाऊन खणखणीत आवाजात सांगितलं, "सदर वाहनाचे नामांतर झालेच पाहिजे! आजच्या आज झालेच पाहिजे!" ते दिवस कसे होते हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं, म्हणजे नामांतर व्हावं, या मागणीपायी आमच्या मुलखात गरिबांची घरं जळाली होती, माणसं जिवाला मुकली होती, आणि तो शब्द उच्चारला की अजूनही कुठल्याही कचेरीत शांतता पसरायची. बाबूने फक्त "नामांतर झालेच पाहिजे" एवढंच ऐकलं आणि खिडकी धाडकन खाली ओढली. शिपाई पोलिसांना बोलवायला पळाला. साहेब स्वतः बाहेर आले, साडूंना आत नेलं, खुर्ची दिली, चहा दिला आणि "आपल्या भावना वर कळवतो" म्हणाले. भावना जीपबद्दलच्या आहेत हे उमजल्यावर सगळ्यांना इतकं हायसं वाटलं, की काम खरोखर त्याच दिवशी झालं.

साडू तसेच परभणीला गेले. मी सोबत होतो. प्राध्यापकांच्या दारातूनच ते ओरडले, "साहेब, नामांतर झालं!"

प्राध्यापक खुर्चीतून ताडकन उठले. हातातला पेन खाली पडला. "कधी? कुणी सांगितलं?" साडूंनी जीपचा कागद पुढे केला. प्राध्यापकांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि मग खाली बसून इतके हसले, की डोळ्यांत पाणी आलं. पाणी मग बराच वेळ राहिलं. "बरं झालं," ते शेवटी म्हणाले, "जीपपासून का होईना, सुरुवात तर झाली." साडूंना आपण काय बोलून बसलो ते तेव्हा कळलं. ते पुढे होऊन हळूच म्हणाले, "साहेब, तुमचं बी व्हतंय. मी सांगायलोय ना."

जीपचं काम असं सुरळीत झालं. अडलं ते साडूंचं. त्यांचा जन्म निजामाच्या राजवटीतला आणि शाळा उर्दू. तिथल्या दाखल्यावर जन्मतारीख होती '७ खुर्दाद १३४०'. हे फसली साल, निजामाच्या राज्यात चालायचं ते. त्यात पाचशे नव्वद मिळवले की आपलं इंग्रजी साल निघतं. पासपोर्टाचा अर्ज मीच भरत होतो. मी म्हटलं, "भाऊ, हे बदलून लिहू." साडू म्हणाले, "कागदावर जे हाय ते लिवा. खोटं न्हाई लिवायचं." मी १३४० लिहिलं. दीड महिन्याने कचेरीचं पत्र आलं: अर्जदाराचे वय सहाशे वर्षांहून अधिक दिसते, तरी खुलासा करावा.

"म्हंजी मी चारठाण्याच्या देवळांएवढा जुना झालो," साडू म्हणाले. पहिल्यांदा त्यांनाही हसू आलं. मग प्रतिज्ञापत्र करायला गेलो, तर तिथल्या कारकुनाने पाचशे नव्वदऐवजी सरळ सहाशे मिळवले आणि साडू एकदम दहा वर्षांनी तरुण झाले. त्या तारखेप्रमाणे आक्का त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठ्या निघाल्या. ही चूक आक्कांना मात्र आवडली नाही. ती दुरुस्त करायला गेलो, तर तिसऱ्याच एका कागदावर तिसरी तारीख पडली. एका माणसाच्या तीन जन्मतारखा झाल्या, आणि तिन्हींवर गोल शिक्के. "जीपचं नामांतर झालं, मास्तर," साडू म्हणाले, "माझं तारखांतर अडकलं." या वेळी ते हसले नाहीत.

जहाज काही थांबणार नव्हतं. जीप आधी समुद्रमार्गे जायची होती आणि दोघं माणसं दीड महिन्याने विमानाने, म्हणून अजून आशा होती. साडू डावीकडे आणि मी उजवीकडे, असे आम्ही 'हौ-न्हाई' करत मुंबईला पोचलो. बंदरावरच्या माणसाने जीपखाली वाकून पाहिलं आणि सांगितलं, की परदेशात मातीचा कणही चालत नाही, गाडी धुऊन आणा. त्याला बिचाऱ्याला आमची काळी माती माहीत नव्हती. ती पाण्याने निघत नाही, उलट खूश होते. साडू सकाळपासून जीपखाली आडवे झाले आणि स्क्रू-ड्रायव्हरने, चमच्याने, शेवटी नखांनी माती खरवडू लागले. निघालेली माती त्यांनी फेकली नाही, रुमालात बांधली. दुपारी बाहेर आले तेव्हा जीप कोरी करकरीत होती आणि ते स्वतः नांगरलेल्या वावरासारखे दिसत होते.

समुद्राकडे त्यांनी मग शांतपणे पाहिलं. मी विचारलं, "कसं वाटतंय?" ते म्हणाले, "हा अलीकडचा काठ झाला. पल्याडून बघितल्याबिगर कळत न्हाई."

क्रेनने जीप उचलली. चारही चाकं अधांतरी लोंबायला लागली. पाईप, रहाट, उलटी बाज, सगळं हवेत फिरलं. जीपमध्ये कुणी नव्हतं, ना डावीकडे ना उजवीकडे. साडू दोन पावलं पुढे गेले आणि जिंतूरच्या रस्त्यावर मी ओरडायचो तसे ओरडले, "हौ! हौ! जाऊ द्या!" क्रेनवाल्याने वळून पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

पासपोर्ट आला तो प्राध्यापकांचं विमान उडाल्यावर अकराव्या दिवशी. तारीख अगदी बरोबर होती. पण साडूंचं तिकीट परत गेलं होतं, आणि रानातली ज्वारी पिकायची कुणासाठी थांबत नाही. साडूंनी चार दिवस हत्याराला हात लावला नाही. पाचव्या दिवशी त्यांनी आक्कांच्या मशीनचा पंखा काढून टाकला, आणि आक्का माझ्या बायकोपाशी येऊन रडल्या. त्यांना तो पंखा कधीच नको होता, तरी रडल्या.

प्राध्यापक पाच महिन्यांनी परतले. जीप त्या संस्थेनेच तिकडे ठेवून घेतली. तिच्याइतकी भक्कम गाडी त्यांच्याकडे नव्हती म्हणे. चाळीस कप्प्यांचं कपाट तेवढं बी भरून परत आलं. आणि उजव्या जागेवर? "तिथलाच एक माणूस घेतला," प्राध्यापक म्हणाले. "त्याची भाषा मला येईना, माझी त्याला. मग त्याला दोनच शब्द शिकवले. सबंध केनियाभर तो माणूस 'हौ' आणि 'न्हाई' ओरडत होता." साडूंनी हे मान खाली घालून ऐकलं. मग विचारलं, "हौ नीट म्हणायचा का?" "अगदी जिंतूरसारखा," प्राध्यापक म्हणाले. साडूंनी त्यांच्याकडून मूठभर रानटी बी मागून घेतलं आणि बाभळीखाली, जीप उभी असायची तिथे, रुमालातली ती माती पसरून त्यात पेरलं. दरवर्षी तिथे बारीक दाण्यांची ज्वारी येते आणि चिमण्या खातात. साडू त्यांना हाकलत नाहीत.

मग एका संक्रांतीला रेडिओवर बातमी आली, की विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. त्याच दुपारी प्राध्यापक तिळगूळ घेऊन परभणीहून आले. केस पांढरे झाले होते. "झालं, भाऊ," ते म्हणाले. "जुनं नाव ठेवून नवं जोडलंय. नामविस्तार म्हणायलेत. पण झालं." साडूंनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. "जीपच्या मागून नंबर लागला तुमचा," एवढंच ते म्हणाले. प्राध्यापक हसले, आणि त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं.

मग साडू आत गेले आणि रुमालात गुंडाळलेला पासपोर्ट घेऊन आले. "साहेब, याची मुदत संपायलीय."

प्राध्यापकांनी पानं उलटली. सगळी कोरी. ते शेवटच्या पानापर्यंत गेले आणि पासपोर्ट हळूच माझ्या हातात दिला.

"मास्तर, नवा करून मिळतोय का?" साडूंनी विचारलं. "कोरा हाय म्हणून न्हाई म्हणायचे न्हाईत ना?"

मी अर्ज आणला. त्यांच्या ओसरीवरच भरायला बसलो. लिहिता लिहिता, इतक्या वर्षांनी, मी विचारलंच, "भाऊ, खरं सांगा. ते स्टेअरिंग तुम्ही चुकून डावीकडे बसवलं, का मुद्दाम?"

"ट्रंक कॉल तुमी केलता," ते म्हणाले आणि बाभळीकडे पाहू लागले.

जन्मतारखेच्या रकान्यापाशी माझा हात थांबला. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला हा कागद कशाला हवा, असं माझ्या चेहऱ्यावर उमटलं असावं, कारण साडू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लिवा, मास्तर. सहाशे वर्षं थांबलो, आनखी दहा थांबतो."

मी तारीख लिहिली, सहीच्या जागेवर बोट ठेवलं, आणि त्यांनी उर्दू वळणाच्या अक्षरात, सावकाश, सही केली.